मानधन दिलं, मग हक्क कुणाचे?

सराफाने दिवाळीच्या जाहिरातीसाठी कवीकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि पाकीट हातात ठेवलं. पुढच्या पाडव्याला त्याच ओळी होर्डिंगवर झळकल्या, मग दुकानाच्या पिशव्यांवरही आल्या. कवीने विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘पैसे दिले होते ना!’

गैरसमज नेमका इथेच आहे. ठरलेल्या वापराचे पैसे दिले म्हणून मालकी मिळत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी. त्या कागदावर मुदत लिहायची राहिली तर ती ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच.

फोटोंचं मात्र उलट आहे. वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या लग्नाच्या फोटोंचे हक्क फोटोग्राफरचे नव्हे, काढवून घेणाऱ्याचे. मला हा भेद पटत नाही, पण कायदा तसाच आहे.

‘गीतकाराला एकदा पैसे मिळाले की विषय संपला’ हेही आता खरं नाही. पूर्वी निर्माते एकरकमी पैसे देऊन सगळेच हक्क लिहून घेत. २०१२च्या दुरुस्तीने ते थांबलं. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी जोर लावला होता. चित्रपटातलं गाणं थिएटरबाहेर, म्हणजे रेडिओवर, टीव्हीवर वाजलं, तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत वाटा आहे. तो त्यांनी स्वतःहून सोडायचा म्हटला तरी सोडता येत नाही. फक्त वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडेच सोपवता येतो. वरातीत गाणी वाजवायला कायद्याने सूट आहे, हॉटेलातल्या थर्टी फर्स्टच्या पार्टीला नाही.

‘तीस सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम कायद्यात कुठेच नाही. नोंदणीही सक्तीची नाही. लिहिलं, की हक्क आला. ‘जुनं म्हणजे फुकट’ हेही सरसकट नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणून त्यांचं साहित्य २०११पासून खुलं झालं. पु. ल. देशपांडे २०००मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांसाठी २०६० संपेपर्यंत थांबावं लागेल.

आणि नाटकवाले? हौशी संघाने फुकट प्रेक्षकांपुढे प्रयोग केला तर सूट आहे. पण वीस रुपयांचं का होईना, तिकीट लावलं की नाटककाराची परवानगी आणि प्रयोगागणिक मानधन आलंच.