बाळाचे वजन करता, पण आईला विचारता का?

अंगणवाडीत बाळाला काट्यावर ठेवले की सगळ्यांची नजर आकड्याकडे जाते. वजन कमी भरले की कुणीतरी म्हणतेच, "हिचे दूध पुरत नसेल." पण ती आई रात्री झोपते का, तिला घास गिळतो का, एकटी असताना ती रडते का, हे कुणी विचारत नाही. या वेळी आरोग्य पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे. आईचे मन आणि बाळाचे वजन यांचे नाते जवळचे आहे, आणि ते पाळण्यापुरते नाही.

रडू येणे वेगळे, आजार वेगळा

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येते, चिडचिड होते. पुष्कळ बाळंतिणींना हे होते आणि दोन आठवड्यांत आपोआप जाते. मात्र दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळ झोपले तरी झोप येत नसेल, भूक मेली असेल, बाळाविषयी माया वाटत नसेल किंवा 'मी वाईट आई आहे' असे सारखे मनात येत असेल, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते. हा आजार आहे. ती नाटक करत नाही आणि तिला बाहेरची बाधाही झालेली नाही. अशा वेळी मांत्रिकाकडे जाऊन अंगारा-धुपारा करण्यात दिवस घालवू नयेत.

आपल्या मावळातली, लोणावळ्याच्या वस्तीतली बाळंतीण डोळ्यांसमोर आणा. पत्र्यावर पावसाची झड, दुपटी वाळत नाहीत, घरात ओल. नवऱ्याचा हाच धंद्याचा हंगाम, शनिवार-रविवार तो घरी नसतो. ती स्वतः बंगल्यांवर धुणीभांडी करणारी किंवा चिक्की पॅक करणारी. काम नाही तर पैसा नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांत परत कामावर. माहेर लांब. त्यात पुन्हा मुलगीच झाली म्हणून टोमणे. अशा वेळी मन खचले तर दोष तिचा कसा?

बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कष्टकरी आईला विश्रांती मिळालीच पाहिजे, ही बाजू बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडली होती. घरोघरी काम करणाऱ्या आपल्या बहुतेक भगिनींपर्यंत ती विश्रांती आजही पोचलेली नाही.

गोव्यात काय दिसले

गोव्यात म्हापसा येथील सरकारी रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रियांची डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. ती २००२ आणि २००३ साली प्रसिद्ध झाली. सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होते, म्हणजे चार-पाच जणींत एकीला. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, घरातली मारहाण ही त्यामागची कारणे दिसली, आणि मुलगी झाल्यास धोका वाढतो असेही आढळले. ज्या आया उदास होत्या, त्यांच्या बाळांमध्ये सहाव्या महिन्यात वजन आणि उंची कमी असण्याचे प्रमाण जास्त होते.

कारण समजायला अवघड नाही. खचलेल्या आईला बाळ भुकेने रडते की झोपेने, हे ओळखायची ताकद राहत नाही. अंगावरचे दूध लवकर सुटते. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, अंडे थोडे थोडे भरवायला जो धीर लागतो, तो तिच्यात उरत नाही.

आधी बारीक, मग जाड?

इथे पुण्याचा अनुभव महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या बारीक बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त निघाली. दिल्लीच्या एका दीर्घ अभ्यासात असे आढळले, की तान्हेपणी बारीक असलेली आणि नंतर भराभर वजन वाढलेली मुले मोठेपणी मधुमेहाकडे जास्त झुकतात.

म्हणून बारीक मूल शाळेत जाऊ लागल्यावर गुटगुटीत झाले, एवढ्यावर खूश होऊ नका. थकलेल्या घरात रडणाऱ्या मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा, कुरकुरे आणि मोबाईल देणे सोपे असते. परदेशातल्या काही अभ्यासांत, ज्या आयांचे नैराश्य लांबले त्यांच्या मुलांचे वजन पुढे जास्त आढळले. काही अभ्यासांत तसे दिसले नाही. म्हणजे आई उदास म्हणून मूल लठ्ठ, असे सरळ गणित नाही. पण आई सावरली की घराचे खाणेपिणे सावरायला मदत होते, हे आपण सगळेच पाहतो.

घरच्यांनी काय करावे

• आशाताई बाळंतिणीकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. बाळाबरोबर आईच्या झोपेविषयी, मनाविषयी त्यांना मोकळेपणी सांगा.

• नवऱ्याने रात्री एकदा तरी बाळ घ्यावे, दुपटी धुवावीत. सासूबाईंनी तिला सलग चार तास झोपू द्यावे. हेही औषधच आहे.

• रक्त कमी असले किंवा थायरॉईड बिघडले तरी असाच थकवा येतो. दोन्ही तपासून घ्या.

• टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. दिवसरात्र मराठीतून बोलता येते. औंधच्या जिल्हा रुग्णालयातही मनाच्या डॉक्टरांना दाखवता येते. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधे आहेत. ती डॉक्टरांना विचारूनच सुरू करा आणि विचारूनच बंद करा.

• ती असंबद्ध बोलू लागली, न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे बोलू लागली, तर तिला एकटी सोडू नका. १०८ ला फोन करून लगेच रुग्णालयात न्या.

गोव्यातच 'संगाथ' संस्थेने वस्तीतल्या साध्या बायकांना शिकवून गरोदर आणि बाळंत स्त्रियांकडे पाठवले. त्यांना 'सखी' म्हणत. घरी जाऊन बोलण्याने बऱ्याच जणींना उतार पडल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसले. यासाठी मोठी पदवी लागली नाही.

आपल्या महिला मंडळाला हे जमण्यासारखे आहे. रविवारी विहारात जमल्यावर विचारा, या महिन्यात वस्तीत कोण बाळंत झाली? दोघींनी तिच्याकडे जा, तासभर बाळ सांभाळा, तिला गरम भाकरी खाऊ घाला. आणि बाळाला मांडीवर घेण्याआधी तिलाच विचारा, "तू कशी आहेस गं?"