जत्रा विमानांची
अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात फिस्क नावाची चिमुकली वस्ती आहे. जुलैच्या अखेरीस तिथे काही माणसे दुर्बिणी डोळ्यांना लावून आकाशाकडे पाहत असतात. हे हवाई वाहतूक नियंत्रक. रिपन गावापासून रेल्वेचे रूळ धरून छोटी विमाने एकामागून एक येत राहतात. वेग ९० नॉट, दोन विमानांत अर्धा मैल अंतर. 'पिवळे विमान, पंख हलवा,' अशी सूचना रेडिओवर मिळते. वैमानिकाने तोंडाने उत्तर द्यायचे नाही. पंख डावी-उजवीकडे झुकवले, की निरोप पोचला! सगळेच बोलू लागले तर कुणाचेच कुणाला ऐकू यायचे नाही.

पुढे काही मैलांवर ऑशकॉशचा विटमन विमानतळ. एरवी निवांत असणारा हा तळ या आठवड्यात जगातल्या सर्वांत गजबजलेल्या तळांत गणला जातो. धावपट्टीवर मोठमोठे रंगीत ठिपके काढलेले असतात आणि एकाच पट्टीवर दोन-तीन विमाने आपापल्या ठिपक्यावर उतरतात. पुढचा ठिपका नेमून दिलेला असताना कुणी घाबरून आधीच टेकला, तर मागच्याची पंचाईत. धोका नाही असे कुणी म्हणत नाही. २०२३ च्या मेळाव्यात एकाच दिवशी दोन अपघात होऊन चौघे दगावले.

घरच्या घरी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींसाठी पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत संस्था काढली, तिचा हा वार्षिक मेळावा. १९७० पासून तो ऑशकॉशला भरतो. आता दहा हजारांवर विमाने आणि सहा लाखांवर माणसे जमतात. लढाऊ विमानांच्या कसरती असतातच, पण खरी मौज गवतावर. विमान खुंट्यांना बांधायचे, पंखाखाली तंबू ठोकायचा आणि आठवडाभर बायकामुलांसह तिथेच संसार थाटायचा. पंखाखाली राहण्याचे भाडे मात्र पाऊस वसूल करतो. २०१० साली गवताचा असा चिखल झाला, की येणारी विमाने दुसऱ्या तळांकडे वळवावी लागली.

दिवसा तंबूत वर्ग चालतात. रिव्हेट कसा ठोकावा, पंखावर कापड कसे ताणावे, हे हातात हत्यार देऊन शिकवतात. आजोबांच्या शेजारी शाळकरी नातही बसते.

घरी बांधलेल्या विमानापाशी एक प्रश्न हमखास निघतो : किती वर्षे लागली? मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना या प्रश्नाची दोन उत्तरे द्यावी लागतील. एक विमानाचे, दुसरे कागदांचे. २०१६ साली लोकांनी ते विमान वांद्रे-कुर्ला संकुलात पाहिले. सरकारी नोंदणी हाती आली २०१७ मध्ये.