तिशीनंतर पुन्हा कॉलेज : पैशांचे गणित आधी मांडा

तिशी ओलांडल्यावर पुन्हा कॉलेजात जायचे म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, "पैसे कुठून आणणार?" प्रश्न रास्त आहे. वस्त्यांमध्ये काम करताना दिसते ते असे, की मोठ्या वयाचे विद्यार्थी अभ्यास जड गेला म्हणून कमी आणि दुसऱ्या सत्राची फी भरता आली नाही म्हणून जास्त गळतात.

हे गणित बाबासाहेबांनाही मांडावे लागले होते. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले; पण चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवूनच. नोव्हेंबर 1918 पासून मार्च 1920 पर्यंत ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. पगार महिना 450 रुपये, तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच. ती शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले 5,000 रुपये कर्ज, एवढ्यावर 1920 मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी.

लंडनमधल्या अर्धपोटी दिवसांची गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो. मला त्याआधीची पगाराची दीड वर्षे जास्त शिकवणारी वाटतात. उपाशी राहणे हा नाइलाज होता. पैसे साठवणे हे नियोजन होते. आणि इकडे मुंबईत रमाईंनी जो संसार ओढला, त्याचा हिशेब कोणी मांडला? आपल्या शिक्षणासाठीची काटकसर नेमकी कोणाच्या ताटातून होणार, हे प्रवेश घेण्याआधी घरात स्पष्ट बोलावे. चळवळीतल्या पुरुषांनी तर जरूरच.

आता आजचे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 2.5 लाख रुपये. उत्पन्न जास्त असेल तर फ्रीशिपमधून शिक्षण व परीक्षा शुल्क सुटते, निर्वाह भत्ता मिळत नाही. मोठ्या वयाच्या अनेकांना एक अट माहीत नसते: एका विषयात एम.ए. झालेल्याने दुसऱ्या विषयात एम.ए.ला प्रवेश घेतला, तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. शिवाय रक्कम वेळेवर येईलच असे नाही. म्हणून तिच्या भरवशावर खोलीचे भाडे ठरवू नये. निदान एका सत्राचा खर्च हातात असावा.

वह्या, डबा, पास यांत वाचते ते थोडेच. खरा मोठा खर्च बुडालेल्या पगाराचा. नोकरी सोडणे परवडत नसेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून अशांसाठीच आहे. अभ्यासकेंद्र घराजवळचे निवडा, आणि संपर्कसत्रांचे दिवस सुट्टीला जुळतात का, हे फी भरण्याआधी तिथे जाऊन विचारा.