गाडी पडली, ऑइल कुठे गेलं?

पावसाळ्यात मूर्तिजापूरकडच्या काळ्या चिखलात बाइक आडवी झाली की आपण ती उचलतो अन् दणादण किक मारतो. इथंच चुकतं! लुनासारख्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र ते इंजिनाच्या तळाशी साठलेलं असतं. गाडी पडली की ते ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये शिरतं. इंजिन चालूच राहिलं तर पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, बेअरिंग कोरडी पडतात, आणि दुरुस्तीत दोन महिन्यांची मेस जाते. म्हणून आधी चावी अन् पेट्रोलचा कॉक बंद, मगच गाडी उभी करा. थोडं थांबून ऑइलची पातळी पाहा. किक अडली तर जोर लावू नका. प्लग काढून, तोंड लांब ठेवून, हळू किक फिरवा, सिलिंडरमधलं ऑइल बाहेर येईल. फिल्टर तेलकट झाला असेल तर बदला. आणि ऑइल भरताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे ‘थोडं जास्त’ नको. पडल्यावर आधी तेच नळीकडे धावतं.