आधी माणूस, मग जागा

सरकारी कचेरीत ‘जागा’ या शब्दाला एक ठराविक अर्थ असतो. पद मंजूर असते. त्यावरील मनुष्य निवृत्त होतो किंवा बदलून जातो. मग त्या रिकाम्या खुर्चीसाठी जाहिरात निघते. आधी जागा आणि मग माणूस, असा हा क्रम होय. नित्याच्या कारभाराला तो सोयीचाही आहे. परंतु ज्या कामाचे उद्याचे स्वरूप आज सांगता येत नाही, त्या संशोधनाला हा क्रम कसा लावावयाचा?

डॉ. होमी भाभा यांनी हा क्रमच उलटा केला. मार्च १९४४ मध्ये, म्हणजे हिरोशिमाच्याही आधी, दोराबजी टाटा विश्वस्तनिधीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला विचार मांडला होता. अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये. ते घरीच तयार असावेत, असा तो विचार होता. १९५४ साली मुंबईत ट्रॉम्बे येथे अणुशक्ती संस्था स्थापन झाली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. भट्टी उभी राहिली. पण अशा भट्ट्या पुढे बांधणारी व चालविणारी माणसे कोठून आणावयाची? म्हणून १९५७ साली संस्थेने स्वतःची प्रशिक्षणशाळा काढली. १९६७ मध्ये या संस्थेला भाभांचे नाव देण्यात आले.

या शाळेची रीत आजही मुळातली आहे. अभियांत्रिकीचे पदवीधर आणि विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी निवडले जातात. लेखी परीक्षेने किंवा ‘गेट’ या परीक्षेतील गुणांनी अर्जांची चाळणी होते, नंतर मुलाखत. तीत पाठांतरापेक्षा विषयाच्या मूलतत्त्वांची जाण पाहिली जाते. निवड झालेल्यास वर्षभर विद्यावेतन मिळते. अणुविज्ञानाला एकच एक शास्त्र पुरत नाही. म्हणून स्वतःच्या विषयाबरोबर त्याला शेजारच्या शास्त्रांशीही परिचय करून घ्यावा लागतो. वर्षअखेर जो उत्तीर्ण होतो, त्याची वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक होते. त्याच्याकडून काही वर्षे सेवा करण्याचे बंधपत्रही घेतलेले असते, कारण त्याच्या शिक्षणाचा खर्च देशाने केलेला असतो. पुढची बढतीही वरची जागा रिकामी होण्यावर अवलंबून नसते. केलेल्या कामाचे परीक्षण होऊन ती मिळते.

मुंबईच्या व्हीजेटीआय या संस्थेतून अभियंता झालेले अनिल काकोडकर याच शाळेतून १९६४ साली ट्रॉम्बेच्या सेवेत आले. १९९६ साली ते त्या केंद्राचे संचालक आणि २००० साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

असे केंद्र केवळ शास्त्रज्ञांवर चालत नाही. नळ्यांचे सांधे निर्दोष जुळविणारा वेल्डर, जोडारी, यंत्रचालक आणि प्रयोगशाळा साहाय्यक यांच्यावाचून भट्टी एक दिवसही चालणार नाही. म्हणून बी.एस्सी., पदविकाधारक आणि आयटीआयचे प्रमाणपत्र मिळविलेले तरुण यांच्यासाठीही विद्यावेतनासह प्रशिक्षणाची वेगळी व्यवस्था आहे.

जाहिरात हाती पडताच घरातली वडील मंडळी प्रथम वेतनश्रेणी पाहतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु उमेदवाराने आणखी एक गोष्ट पाहावी. येथे निवडीबरोबर प्रथम मिळते ती परीक्षांनी भरलेली एक वर्षाची विद्यार्थिदशा, नेमणूक त्यानंतरची. पदवी मिळाली म्हणजे अभ्यास संपला, असे मानणाऱ्यास हे वर्ष जड जाईल. ज्याला अभ्यास संपू नये असेच वाटते, त्याने मात्र अर्ज करण्यास संकोचू नये.