माळ्यावर सापडलेले काडतूस : पुन्हा भरायचे का?

चवथ जवळ आली की आपल्याकडे घराघरांत माळे झाडले जातात. माटोळीची चौकट खाली येते, समया उजळायला निघतात. अशा वेळी एखाद्या जुन्या घरात गंजलेल्या डब्यातून हिरवे डाग पडलेली चार-दोन काडतुसेही निघतात. आजोबांच्या शेतराखणीच्या बंदुकीची असतात, नाहीतर पोर्तुगीज अमदानीतल्या एखाद्या रिव्हॉल्व्हरची. मुळगाव, डिचोली, पेडणे या भागात रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक ठेवण्याची रीत जुनीच, म्हणून यात नवल नाही.

नवे आहे ते पुढचे. परदेशातले हौशी लोक घरच्या यंत्रावर रिकाम्या पुंगळ्या भरतात, ते मोबाईलवर पाहून आपल्या मुलांनाही वाटते, आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसे आता मिळत नाहीत, तर आपणच का भरू नयेत? याचे उत्तर 'नको' असेच आहे. पण नुसते नको म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून कारणे सांगतो.

काडतुसात काय असते

काडतुसाचे चार भाग. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी केप म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा केपावर आपटला की ठिणगी पडते, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी सुटते. त्या क्षणी पुंगळी फुगून भोवतीच्या पोलादाला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. पुंगळी दुबळी असेल, तर तोच वायू धरणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यांवर येतो.

जुन्या रिव्हॉल्व्हरची गोम

पोर्तुगीज सैन्याने १८७८ मध्ये अधिकाऱ्यांसाठी आबादी नावाचे ९.१ मिलिमीटरचे रिव्हॉल्व्हर घेतले. ब्रिटिशांनी १८८७ मध्ये वेब्ली स्वीकारले. दोन्हींची काडतुसे मुळात काळ्या दारूची, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाची. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये तयार झाली आणि हळूहळू सगळीकडे पसरली. तिचा जोर कितीतरी अधिक. काळ्या दारूसाठी घडवलेल्या जुन्या पोलादाला तो सोसेलच असे नाही.

दुसरी गोम मापाची. काळ्या दारूने पुंगळी जवळजवळ भरते, त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तर ती बाहेर सांडते आणि चूक दिसते. बिनधुराची दारू थोडीशीच लागते. ती दुप्पट पडली तरी त्याच ऐसपैस पुंगळीत मावते आणि डोळ्यांना काही कळत नाही. उलट दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. मागून दुसरी झाडली की नळी फुटते. अनुभवी माणसेसुद्धा इथे चुकतात.

पितळ आणि पावसाळा

पितळ वर्षानुवर्षे टिकते असे आपल्याला वाटते, कारण आजीची समई टिकलेली असते. काडतुसाचे पितळ वेगळे. पुंगळी दाबून, ओढून घडवतात, त्यामुळे धातूत ताण राहून जातो. ब्रिटिश लष्कराला याचा अनुभव हिंदुस्थानातच आला. पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न झाडताच तडकू लागल्या. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि धातूतला ताण यांचा हा मेळ होता. १९२१ मध्ये त्याची शास्त्रीय उकल झाली. आपला पावसाळा आणि घराला लागून असलेला गोठा आठवा, म्हणजे माळ्यावरच्या पुंगळीचा भरवसा का धरू नये हे कळेल.

शिवाय जुन्या केपांत पाऱ्याचे संयुग असे. ते काडतूस एकदा झाडले की पारा पितळात शिरून त्याला ठिसूळ करतो. वरून चकचकीत दिसणारी पुंगळीही आतून गेलेली असू शकते.

कायदा काय म्हणतो

१९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. बंदूक बाळगण्याचा परवाना असला तरी काडतूस बनवण्याचा परवाना वेगळा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवल्यास किमान सात वर्षे कैद होते आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. 'घरच्यापुरतेच भरले' ही सबब चालत नाही.

मग करायचे काय

काडतूस सापडले की घासू नका, उन्हात ठेवू नका, ठोकून पाहू नका. चुलीत, विहिरीत किंवा भंगारात टाकू नका. पोरांच्या हाताला लागणार नाही असे ठेवा आणि डिचोली किंवा आपल्या भागातल्या पोलीस ठाण्याला फोन करून सांगा. ते कसे आणायचे, की ते स्वतः येणार, हे त्यांनाच ठरवू द्या. रिव्हॉल्व्हर सापडले तर ते भरलेलेच आहे असे समजा. चाप ओढून पाहू नका.

परवानाधारक वारला असेल, तर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. म्हणजे ते कायमचे गेले असे नाही. २०१६ च्या नियमांनुसार वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो. मिळाला तर आजोबांची आठवण घरात राहते. मात्र आता एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेली धरून.

आणखी एक. गावी येऊन परत जाणाऱ्यांनी आठवण म्हणून काडतूस बॅगेत टाकू नये. मोपाच्या विमानतळावर ते तपासणीत सापडले, तर विमान चुकणे ही सगळ्यांत लहान अडचण ठरेल.

जपायचेच असेल तर जुन्या परवान्याचा कागद जपा. बंदूक कोणाच्या नावे होती, कधी घेतली, कोणते शेत राखायला घेतली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. घराण्याचा इतिहास त्या कागदात आहे. काडतुसातली दारू आजोबांच्या काळची असली तरी ती पेटायची तशी आजही पेटू शकते.