शेवटच्या बसनंतरचं नाशिक

१९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी पंचवटीत क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. शिक्षणाच्या इतिहासात याची नोंद वेगळ्या कारणांनी होते. नाशिकच्या खाण्यापिण्याच्या इतिहासातही ती व्हायला हवी. तसं कॉलेज नाशिकला नवं नव्हतं. गोखले एज्युकेशन सोसायटीचं एचपीटी १९२४चं, गंगापूर रोडचं केटीएचएम १९६९चं. पण तिथली बरीच मुलं संध्याकाळी घरी जाऊन जेवायची. आता जळगाव, धुळे, नंदुरबार, नगरकडची मुलं चौघांत एक खोली घेऊन राहू लागली आणि गावात मेस वाढल्या.

महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, ताटात पोळ्या, एक भाजी, वरण-भात. रविवारी दुपारी गोड आणि रविवारी रात्री मेस बंद. नाशिकमध्ये बाहेर जेवण्याची सवय रुजली ती या बंद मेसमुळे, असं मला वाटतं. खिशात मोजके पैसे असलेली शेकडो पोरं एकाच रात्री रस्त्यावर यायची. त्यांच्यासाठी कॉलेज रोडला पावभाजीचे तवे तापले, चायनीजच्या गाड्या लागल्या, अंडाभुर्जी आली, पाववड्याच्या कढया उशिरापर्यंत उकळत राहिल्या. १९८९ साली मुक्त विद्यापीठ आलं, १९९८ साली आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं, पुढे त्र्यंबक रोडलाही महाविद्यालयं उभी राहिली. विद्यार्थ्यांचा आकडा फुगत गेला, तशा गाड्यांच्या टपऱ्या झाल्या आणि टपऱ्यांची हॉटेलं झाली.

बाकी गाव मात्र लवकर झोपायचं आणि त्याला सबळ कारण होतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिली पाळी सकाळी सातला लागते. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात कामाला जाणाऱ्यांचा दिवस असाच पहाटे उगवतो. १९७५ साली सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन येणारा नोकरदार रात्री उशिरा घरी टेकतो आणि सकाळी सातच्या सुमारास पुन्हा फलाटावर असतो. अशा गावाची हौस रात्री फिटत नाही, ती सकाळी फिटते. म्हणून नाशिकचं खरं बाहेरचं जेवण म्हणजे मिसळ. मोड आलेली मटकी, वर शेव, काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळ्या भांड्यात, कांदा-लिंबू, पापड, दही आणि पाव. रस्सा हवा तितका मागून घ्यायचा. सातपूरच्या श्यामसुंदरला एकेकाळी पाळी सुटलेले कामगार दिसायचे. आज साधनाच्या चुलीवरच्या मिसळीला रविवारी सकाळी कुटुंबंच्या कुटुंबं नंबर लावून उभी असतात. मुंबईत शनिवारची रात्र जी जागा घेते, ती नाशिकमध्ये रविवारच्या सकाळने घेतली आहे.

रात्रीचं म्हणावं असं त्या काळी कॉलेज रोड सोडला, तर दोनच प्रकारच्या ठिकाणी काही होतं. एक म्हणजे सीबीएस बसस्थानक आणि नाशिकरोड स्टेशन, जिथे बारानंतरही चहा मिळायचा. दुसरं म्हणजे आग्रा हायवेवरचे ढाबे. तिथली शेवभाजी खानदेशी हाताची, तर्रीदार, घाम काढणारी. सोबत भाकरी आणि हाताने फोडलेला कांदा. पण ढाबा आणि परमिट रूम हे पुरुषांचं राज्य होतं. ‘फॅमिली रूम’ची पाटी बाहेर असली, तरी घरातल्या बायका रात्री दहानंतर तिथे फारशा दिसत नसत. वसतिगृहातल्या मुलींना तर गेट बंद व्हायची वेळ पाळावी लागे. कॉलेज रोडच्या रविवारच्या रात्री जे मित्र एकत्र जेवले, त्यांच्या वर्गातल्या मुली त्या आठवणींत नाहीत. या मागोव्यातली ही उणीव मला सगळ्यांत जास्त टोचते.

नव्या शतकात मोठ्या शहराची रात्र नाशिकमध्ये आली, ती द्राक्षमळ्यांच्या वाटेने. गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी सुला वायनरी उभी केली आणि २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. राज्याने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. २००५ साली सुलाची टेस्टिंग रूम उघडली, २००८पासून सुलाफेस्ट भरू लागला. एरवी तपोवन आणि त्र्यंबकेश्वरासाठी येणाऱ्या मुंबईकराला शनिवार-रविवार काढायला आणखी एक कारण मिळालं. सूर्यास्ताला मळ्याकडे तोंड करून बसायचं, गाणं ऐकायचं, मुक्काम करायचा. शेजारी यॉर्क आली, सोमा आली, गंगापूर रोड धरणाच्या दिशेने हॉटेलांनी भरत गेला. द्राक्ष उत्पादकाच्या मुलाला वायनरीत नोकरी मिळाली आणि पहिल्यांदाच बायका-मुली संध्याकाळी निर्धास्त बसलेल्या दिसू लागल्या. हे मोठं काम झालं. पण तिथले दर मुंबईचे होते आणि परत यायला स्वतःची गाडी लागायची. मेसवर जेवणाऱ्या मुलासाठी ती रात्र नव्हती.

इथे मुंबई-पुण्याशी तुलना करायला हवी. मुंबईची रात्र हॉटेलांच्या जिवावर जागते असं आपण समजतो. ती जागते लोकलच्या जिवावर. मध्यरात्र उलटल्यावरही गाडी असते आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा सुरू होते, म्हणून कुलाब्याच्या बडेमियांकडे किंवा रमजानात मोहम्मद अली रोडला कल्याणचा माणूसही जाऊ शकतो. पुण्याची गोष्ट निराळी. तिथली रात्र विद्यार्थ्यांनी घडवली. फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली, जवळच १९३५चं गुडलक, आणि एका चहावर तासभर बसू देण्याची रीत. स्वस्त पदार्थ आणि बसायला वेळ, या दोन गोष्टी असल्या की कॉलेजचं गाव जेवायला शिकतं. घरी परतायची सोय असली की मोठं शहर रात्री जागतं. नाशिकला पहिली गोष्ट कॉलेज रोडने दिली. दुसरी अजून कुणी दिलेली नाही.

गेल्या दहा वर्षांत नियम भराभर बदलले. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६च्या आदेशाने महामार्गालगतची दारूविक्री एप्रिल २०१७पासून बंद झाली. शहरातूनच महामार्ग जाणाऱ्या नाशिकला त्याची झळ चांगलीच बसली, पुढे शहरहद्दीतल्या रस्त्यांना सवलत मिळाली. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने चोवीस तास व्यवसायाची वाट मोकळी केली. जानेवारी २०२०मध्ये मुंबईत रात्रभर हॉटेलं उघडी ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि दोन महिन्यांत टाळेबंदी आली. विद्यार्थी गावी गेले, मेस बंद पडल्या, त्यातल्या काही पुन्हा उघडल्याच नाहीत. ऑक्टोबर २०२५मध्ये शासनाने पुन्हा स्पष्ट केलं की मद्यविक्री वगळता इतर आस्थापना चोवीस तास चालू ठेवता येतील. कागदावर नाशिकही आता रात्रभर जागू शकतं. महापालिकेची सिटीलिंक बससेवा जुलै २०२१मध्ये सुरू झाली, हेही चांगलं झालं. पण शेवटची बस गेली की अंबडच्या दुसऱ्या पाळीतून सुटलेली कामगार मुलगी आणि गंगापूर रोडच्या कॅफेत काम करणारा पोऱ्या, दोघेही रिक्षावाल्याच्या मर्जीवर असतात.

‘नाशिक हे रात्रीचं गावच नाही’ असं कुणी म्हणालं की मी त्यांना श्रावणातला तिसरा सोमवार दाखवतो. आदल्या रात्री, रविवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी नाशिकची तरुणाई त्र्यंबककडे निघते. एसटीच्या जादा गाड्या रात्रभर सुटत असतात. फेरीच्या वाटेवर सुमारे वीस किलोमीटर चालायचं, पावसात, अंधारात. जागोजागी चहा, साबुदाण्याची खिचडी, केळी घेऊन लोक उभे. पोलीस असतात, वैद्यकीय पथकं असतात. मुलींचे घोळके गाणी म्हणत चालतात आणि घरचे निश्चिंत असतात. नवरात्रात कालिकामातेच्या यात्रेत रात्री उशिरापर्यंत रहाटपाळणे फिरतात, भेळभत्त्याच्या पाट्या रिकाम्या होतात. कोजागरीला सप्तशृंगगडाकडे चालणाऱ्यांसाठी रस्त्याकडेला दूध उकळत असतं. रात्री दोन वाजता आजी, सून आणि नात एकत्र खाताना मी मुंबईतही इतक्या सहज पाहिलेल्या नाहीत.

या रात्री आपोआप घडत नाहीत. त्यामागे जादा बस, दिवे, बंदोबस्त, स्वच्छतागृहं आणि परवडणारं खाणं यांची आखणी असते. ती आखणी आपल्या प्रशासनाला येते, शंभर वेळा करून झाली आहे. ती फक्त देवाच्या नावाने होते, इतकंच. चाळीस वर्षांचा हिशेब मांडला तर नाशिककडे कॉलेजच्या गावाची भूक आहे, मळ्यांमुळे आलेली मोठ्या शहराची रुची आहे आणि यात्रांनी शिकवलेली शिस्त आहे. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या रस्त्यांवर नांदतात, एकमेकींना भेटत नाहीत.

२०२६-२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी शहरात रस्ते, दिवे, वाहनतळ, बस यांवर मोठा खर्च होतो आहे. तो खर्च पर्वणीबरोबर संपू नये. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सीबीएस, सातपूर, अंबड आणि नाशिकरोड यांना जोडणारी एक रात्रीची बस, निदान शुक्रवार-शनिवारी, कायमची सुरू करा. तिच्या थांब्यांवर दिवे आणि स्वच्छ स्वच्छतागृहं ठेवा, आसपासच्या खाऊच्या गाड्यांना रीतसर परवाने द्या. पाळी सुटलेली कामगार आणि वसतिगृहातली मुलगी एकाच टेबलावर पाववडा खाऊन आपापल्या घरी सुखरूप पोचल्या, तरच नाशिकची रात्र सुरू झाली असं म्हणता येईल.